पाणी सोडतोय रे, ढवळ्या

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओझरच्या घरी स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. फोन त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचाच होता. "हे गेले," त्या म्हणाल्या. "चहा घेतला, पेपर मागितला आणि... काहीच बोलले नाहीत." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांना कळवत राहिले, मला तेवढं कळवलं नाही." त्यात राग होता, आणि तो मला रास्त वाटला.

वसंता माझा कळवणच्या शाळेतला मित्र. मी ओझरच्या विमान कारखान्यात चिकटलो, तो दिल्लीला परराष्ट्र खात्यात गेला. "तू लढाऊ विमानं बनव, ती उडवायची पाळी येऊ नये ते मी बघतो," असं तो चिडवायचा. शेजारी देशाशी अण्वस्त्रांबद्दल जी बोलणी चालत, त्यांत तो बरीच वर्षं मागच्या रांगेत बसला. फोटोत आलाच तर अर्धा. त्याच्या वाट्याला आलेलं कलम साधं होतं: क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायच्या आधी एकमेकांना कळवायचं. कळवणचा माणूस, दुसरं काय करणार, असं मी म्हणायचो.

मला त्यात फारसं काही वाटत नसे. एकदा विचारलंच, "नुसतं कळवून काय होतं? क्षेपणास्त्र तर तेवढंच राहतं ना?" तेव्हा त्याने वडिलांची, तात्यांची गोष्ट काढली. तात्यांचं आणि शेजारच्या शेतातल्या चुलत्यांचं बोलणं बंद होतं, लग्नकार्यालाही जाणं-येणं नव्हतं. पण तात्यांच्या शेतातलं पाणी बांधापलीकडे झिरपायचं. चुलत्यांचा काढलेला कांदा रानात पडलेला असला, की पाणी सोडण्याआधी तात्या आपल्या बैलाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "पाणी सोडतोय रे, ढवळ्या." ढवळ्या रवंथ करत राहायचा आणि बांधापलीकडे चुलते मुकाट्याने कांदा उचलायला लागायचे. "भांडण मिटलं का? नाय मिटलं," वसंता म्हणाला. "पण कांदा कधी भिजला नाय, अन् कुऱ्हाडी कधी निघाल्या नाय. तेवढं लय झालं." माझ्याशी बोलताना त्याची दिल्ली गळून पडायची.

निवृत्तीनंतर तो नाशकात आला, देवळालीच्या तोफांचा सराव ऐकू येईल इतक्या अंतरावर. मध्यंतरी दोन्हीकडची हवा फारच तापली. व्हिसा बंद, व्यापार बंद, क्रिकेट बंद. टीव्हीवर रोज कुणीतरी बटण दाबायला निघालेलं. त्यातच आपल्याकडे चाचणी होणार अशी कुजबुज सुरू झाली आणि वसंताची झोप उडाली. "एकदा न कळवता डागलं, की समोरचा तो खरा हल्लाच समजेल. मग विचार करायला वेळ कुठला?" त्याला मैत्री वगैरे नको होती, ते एक कलम जिवंत हवं होतं. रोज सकाळी तो पेपर उघडायचा तो मुलाचा निकाल बघितल्यासारखा. अखेर आतल्या पानावर, बातमीच्या शेपटाला एक ओळ आली. चाचणीची पूर्वसूचना नेहमीप्रमाणे देण्यात आली होती. त्याने ती मला फोनवर वाचून दाखवली. "नेहमीप्रमाणे," तो पुन्हा म्हणाला, मग आणखी एकदा, सावकाश. नाश्ता झाला का, असं विचारून मी वेळ मारून नेली.

घरातही त्याचं हेच. वहिनी मोठ्या आवाजाला दचकतात, म्हणून चटणी करताना तो आधी सांगायचा, "मिक्सर लावतोय." दोघांत अबोला असला तर हेच फ्रिजला सांगायचा. वहिनी बाहेर हसू दाबत बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

परवा त्यांच्याकडे गेलो. खिडकीशी त्याची वेताची खुर्ची, तीवर घडी न मोडलेला पेपर. "अजून मी बोलत नाही त्यांच्याशी," वहिनी म्हणाल्या. मग, चटणी करून देते, घेऊन जा, असं म्हणत आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, थांबला... आणि त्या पुन्हा दारापाशी आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, खुर्चीकडेही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाल्या, "मिक्सर लावतेय."