रिटर्न आला

मी साप मारले आहेत. महापुरात छपरावर बसून राहिले आहे. भीती मला एकाच शब्दाची वाटते. रिटर्न.

नवरा लाईट ऑफिसात वायरमन होता. लाईन बंद करून, फ्यूज काढून तो खांबावर चढला. खाली कुणीतरी आपला जनरेटर चालू केला आणि त्याची वीज उलटी लायनीत आली. त्याचा सोबती दारात येऊन म्हणाला, "वैनी, रिटर्न आला." रिटर्न म्हणजे परत, एवढं मला एसटीच्या तिकिटामुळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मग आत का येत न्हाय?"

त्यानं नवऱ्याची चप्पल उंबऱ्यावर ठेवली. मग मला कळलं.

तेव्हापासून घरात कुणी ओल्या हातानं बटणाला हात लावला की त्याला माझा फटका बसतो. फ्रीजचं बटण मी आजही लाटण्यानं दाबते. हसणाऱ्यांनी हसावं.

नात विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. कशावर, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाटल्या, पावडरी असं काहीतरी असेल, असं धरून चालले होते. बावड्यातल्या आमच्या घरी एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि ती कट्ट्याला टेकून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

"कालबी रिटर्न करंट आला न्हाय गं. आज फ्रिक्वेन्सी आणखी वाढवते. आणल्याशिवाय सोडत न्हाय."

तव्यावरची भाकरी करपली. माझे हात पिठात तसेच राहिले. ज्याच्या भीतीनं मी उभं आयुष्य काढलं, ते आणायला ही रोज गाडीवर बसून हसत जाते.

ती अंघोळीला गेली तशी मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात खुपसली.

"आज्जी, किल्ली बघितलीस?"

"बघितली."

"कुठं हाय?"

"हाय तिथं हाय. आज जायचं न्हाय. उद्याबी न्हाय."

"का?"

"तुझा आजा कशानं गेला?"

ती मग म्हणाली, "त्यो रिटर्न येगळा, आज्जी. ह्यो येगळा."

"करंटच की दोन्ही."

"व्हय, करंटच. पर..."

"मग झालं की."

ती माझ्यासमोर खाली बसली. केस ओलेच होते. "माझा सगळा अभ्यास ह्याच्यावर अडलाय. तरी तू बंद कर म्हणालीस तर बंद करीन. पर आधी डोळ्यानं बघ."

पोरगी शब्दाची पक्की आहे. मी नको म्हटलं असतं तर तिनं खरंच सोडलं असतं. म्हणून तांदळातून किल्ली काढून दिली आणि तिच्याबरोबर गेले. गाडीवर मागं बसून मी तिची ओढणी मुठीत धरली होती, रस्ता बघितलाच नाही.

तिच्या प्रयोगशाळेत टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, शेजारी कॉम्प्युटर आणि काचेचं लहानसं भांडं. भांड्यात पाणी, पाण्यात तीन कांड्या, कांड्यांना चिमटे आणि चिमट्यांना वायरी. वायर आणि पाणी एका जागी. नातीनं एक काळी कांडी काढली, ओल्या कापडावर पांढरी पावडर टाकली आणि आठचा आकडा काढत कांडी घासू लागली, सहाणेवर चंदन उगाळावं तशी. हात ओले, आणि त्याच कांडीला आता वायर लावायची होती.

तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी माझं तोंड बघून म्हणाली, "आज्जी, बॅटरीच्या सेलएवढाबी जोर न्हाय ह्यात. मुंगीबी मरायची न्हाय."

"माझा नवरा मुंगी नव्हता," मी म्हटलं. ती तिच्या कामाला लागली.

नात समजावून सांगू लागली. "ह्यात तापाची गोळी विरघळवलीय, आंबट पाण्यात. व्होल्टेजचा एक धक्का पुढं, एक मागं, असं पायरीपायरीनं चढायचं. पुढच्या धक्क्याला औषध वीज सोडतं, मागच्या धक्क्याला परत घेतं. ती परतीची वीज म्हणजे आमचा रिटर्न."

"आन परत घेतलीच न्हाय तर?"

"तर मधल्या वेळात त्याचं दुसरंच कायतरी झालं. म्हणून फ्रिक्वेन्सी वाढवून धक्के भराभर द्यायचे, बदलायला येळच द्यायचा न्हाय. मग रिटर्न दिसला, की मधे काय होत हुतं आन किती लवकर, ते कळतं."

या पद्धतीचं नाव मी नंतर तिच्याकडून पाठ करून घेतलं, स्क्वेअर वेव्ह व्होल्टामेट्री. तेव्हा मात्र मला नाव नको होतं. मी तिची बोटं बघत होते.

तिनं कांडी भांड्यात सोडली, चिमटा लावला आणि बटण दाबलं. आवाज नाही, ठिणगी नाही. आवाज झाला असता तर बरं वाटलं असतं. खांबावरही आवाज झाला नव्हता म्हणतात. पडद्यावर एक रेघ वर चढली. तिच्याखाली दुसरी रेघ सपाट चालली होती, ती हळूच वाकली आणि खाली खड्डा पडला.

"आज्जी," नात पुढं झुकून म्हणाली, "रिटर्न आला."

मी तिची वेणी धरून तिला मागं ओढलं. खुर्ची सरकली, तिचा हात वायरीत अडकला, भांडं कलंडलं. टेबलभर पाणी. ती दुसरी मुलगी फडकं घेऊन धावली.

"वेणी तरी सोड," नात म्हणाली.

मी सोडली नाही. जिवंत आहे का, तेच बघत होते. ती चिडली असती तर मला बरं पडलं असतं. ती म्हणाली, "पुन्हा करते. ह्या खेपेला माझा हात धरून बस."

तिनं टेबल पुसलं, गोळीचं नवं पाणी भरलं, कांडी पुन्हा घासली. तिचा डावा हात मी दोन्ही हातांत धरला. रेघ चढली. खालची वाकली. रिटर्न आला. तिचा हात गरम होता आणि बोटं हलत होती. खड्डा पूर्ण होईतो मी तो सोडला नाही.

"बंद करू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कर तुझं तू."

भीती गेली नाही, जायचीही नाही. घरी येऊन मी किल्ली पुन्हा तांदळात न खुपसता खिळ्याला लावली. तिची चामड्याची चप्पल मात्र दाराआड टाकली आणि जाड रबरी तळाची आणून दिली. मैत्रिणी हसतात म्हणे. रोज सकाळी ती पाय वर करून तळवा दाखवते, मग मी दार सोडते.