निरर्थक सर

आयुष्याला काही अर्थ नाही, ही गोष्ट माझ्या थोरल्या साडूंइतक्या आनंदाने सांगणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही. निवृत्त होईपर्यंत ते भोरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांना बहुधा दुसरा कुठला विषय मिळालेला नसे. माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या जगण्याचं कारण कुणी सोबत बांधून देत नाही, ते ज्याचं त्यानं घडवायचं, हा त्यांचा एकमेव सिद्धान्त. मुलांनी त्यातला सोयीचा अर्धा भाग उचलला आणि त्यांचं नाव 'निरर्थक सर' ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा, मुलं निदान ऐकतात तरी, याचंच त्यांना समाधान वाटलं.

हे सगळं वर्गात राहिलं असतं तर नातेवाइकांची काही तक्रार नव्हती. पण पुतणीच्या लग्नात आशीर्वादपर दोन शब्द बोलायला उभे राहिले ते "संसाराला मुळात अर्थ नसतो" असं म्हणतच. तो या दोघांनी रोज घालायचा असतो, हे पुढचं वाक्य येण्याआधीच वरपक्षाने बँडवाल्याला खूण केली होती. नसरापूरला शेअर रिक्षावाल्याने कुठं जायचं म्हणून विचारलं, तर ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, असं सांगून हे उभेच. "ठरवा मग निवांत," असं म्हणून तो दुसरी माणसं भरून निघून गेला. मंडईत तर एकेक भाजी घ्यायला अर्धा तास. निवड म्हणजे जबाबदारी, हे मेव्हणीबाईंनाही मान्य होतं, पण दुधी आणि दोडक्यात ती इतकी नसते, असं त्यांचं मत. एकदा कुणाच्या दहाव्याला आत्म्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल त्यांनी गुरुजींना इतक्या शंका विचारल्या, की तेव्हापासून घरच्यांनी त्यांना दुखवट्याला नेणंच बंद केलं.

पुढे भोंगवलीचा एक तरुण हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. हा त्यांच्या वर्गात शेवटपर्यंत जागा राहणारा विद्यार्थी. साडू कुणाचं न ऐकता निघाले, म्हणून मेव्हणीबाईंनी मला लक्ष ठेवायला सोबत धाडलं. ओसरीवर माणसं बसली होती. देवाची इच्छा, मागल्या जन्मीचे भोग, असं जो तो आपल्या परीने समजावत होता. मुलाचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, कोरड्या डोळ्यांनी ऐकत होते. साडूंना पाहून ते म्हणाले, "सर, तुमी शिकलेली मानसं. माजं पोरगं का गेलं, सांगा."

मी हळूच साडूंची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. मग म्हणाले, "कशासाठीही नाही, तात्या. याला काही अर्थ नाही."

ओसरीवर कुजबूज झाली. तात्या मात्र पुढे सरकले. "आमचं पाप न्हाई ना?"

"नाही. तुमचं नाही, त्याचंही नाही."

तेव्हा तात्या पहिल्यांदा रडले. साडू त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. इतका वेळ गप्प राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर गुरुवारी ते एसटीने भोंगवलीला जाऊ लागले. शेतात त्यांचा उपयोग शून्य. भुईमूग खुरपायला बसले की तणासोबत रोपंही उपटत, आणि तात्यांची बायको ती मागून मुकाट्याने पुन्हा लावत येई. तिथे दोघं काय बोलता, असं मेव्हणीबाईंनी विचारलं, तर काही नाही, म्हणाले.

आता त्यांचे गुडघे दुखतात. परवाच्या गुरुवारी मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो. वाटेत म्हटलं, तात्या आता सावरलेत, तुम्ही एवढी दगदग का करता?

"सावरलेत खरे," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण सकाळपासून रस्त्यावर येऊन थांबतात हो."

तात्या खरोखरच थांबले होते. कुणी कुणाला नमस्कारसुद्धा केला नाही. दोघं बांधावरून निघाले. मी गाडीपाशी उभा राहून पाहत होतो. साडू लंगडत होते, आणि तात्यांनी आपली चाल हळू केली होती.