चौदा दिवसांची वही

आमच्या आसऱ्यात माणूस चौदा दिवस राहतो. रस्त्यावर राहणारी, डोक्याचा तोल गेलेली माणसं पोलीस आणून सोडतात. औषध, अंघोळ, दोन वेळचं जेवण, आणि पंधराव्या दिवशी पुन्हा रस्ता. मी तिथे स्वयंपाक करतो. माणसांना सांभाळते ती अक्का. तिच्या नाकावरचा राग बघून वाटतं, हिला माणसांचा तिटकारा असावा. तसं नाही, पण हे तिच्या तोंडावर म्हणायची सोय नाही.

रोज संध्याकाळी प्रत्येकाबद्दल वहीत चार ओळी लिहायच्या, हेही तिचंच काम. शुक्रवारी डॉक्टर येतात, वही चाळतात आणि आणखी चौदा दिवस कुणाला द्यायचे ते ठरवतात.

गेल्या वर्षी एक शिंपी आला. सुरुवातीला तो पलंगाखाली झोपायचा, तेही बूट घालून. बूट काढले की हाकलणार आणि अनवाणी पळावं लागणार, अशी त्याची खात्री होती. अक्काने वाद घातला नाही. ती रोज त्याच्या पलंगाशी भाजी निवडत बसायची आणि म्हणायची, "तुमचे बूट बघून माझेच पाय दुखायला लागलेत."

नवव्या दिवशी त्याने बूट काढले. बाराव्या दिवशी अक्काकडून सुईदोरा मागून घेतला आणि सगळ्या पडद्यांना टाके घातले. मी ॲप्रन पुढे केला, तर म्हणाला, "आचारी, तुमच्या पोटाचं माप घ्यायला टेप पुरायची नाही." आणि हसला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

कायम राहायच्या एका घरात त्याच्यासाठी जागा व्हायला दहाच दिवस होते. तेवढी मुदत मिळाली की झालं. अक्काने त्या संध्याकाळी चार ओळींच्या जागी पानभर लिहिलं. अंघोळ, झोप, पडदे, हसणं, सगळं.

डॉक्टरांनी ते वाचलं. "छान. मग जागा कशाला अडवायची? बाहेर तिघं थांबलेत."

"साहेब, तो इथे आहे म्हणून बरा आहे."

"बरा आहे असं तुम्हीच लिहिलंय ना?"

मला डॉक्टरांचा राग आला आणि अक्काचाही. इतकी वर्षं वही लिहिणाऱ्या बाईला एवढं कळू नये?

शिंप्याने सावकाश बूट घातले, नाड्यांना दुहेरी गाठ मारली. "माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"तुमचं नाही," अक्का म्हणाली.

दहा दिवसांनी त्या घरात जागा झाली. अक्का तीन दुपारी त्याला शोधत फिरली. बाजारामागच्या गोदामापाशी तो दिसला, आणि तिला बघताच पळाला. पायात बूट होतेच.

सध्या एक बाई आहे, आल्यापासून कुणाशी बोललेली नव्हती. तिचा आज तेरावा दिवस. दुपारी माझ्या करपलेल्या भातावर ती चक्क हसली. संध्याकाळी अक्का लिहायला बसली तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली.

"अक्का, मी आज हसले, ते लिहिलंत?"

"लिहिलं हो," अक्का म्हणाली आणि वही मिटली.

नंतर मी वही उघडली. तिच्या नावापुढे दोनच शब्द होते: फरक नाही.