बावीस दिवसांची साठवण

डॉक्टरीणबाईनं तीन दिवस सांगतले होते, मी बावीस पाळले. कोणाले विचारलं नाही, हीच माही अक्कल.

लग्नाले आठ वर्षं झालती, लेकरू नव्हतं. दोष माह्यात निघाला. वीर्यातले शुक्राणू कमी, अन् त्यातले हलणारे आणखीनच कमी. यवतमाळच्या दवाखान्यात वीर्य धुऊन, त्यातले चांगले निवडून, बारीक नळीनं बायकोच्या गर्भाशयात सोडत. पहिली खेप वाया गेली. बायको म्हणाली, "आता एकच खेप. मंग मले सुया नको." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तारखेच्या आधी तीन दिवस जवळीक नको.

मी ढाणकीकडचा कास्तकार. वावर एक साल पडीत ठेवलं का कस वाढते, हे मले कळते. म्हटलं, तीन दिवसात असं काय साठते? रानडुकरं हरभरा खाऊन राह्यलेत, असं घरी सांगून शेतात जागलीले झोपाले लागलो. तिले खरं कारण सांगाची लाज वाटली.

तारखेले नमुना दिला. घंटाभरानं लॅबवाल्या पोरीनं दोघांलेही आत बोलावलं.

"दादा, संख्या बरी आहे, पण बहुतेक हलतच नाहीत. मागच्या वेळी वर पोहून आलेले घेतले होते. आज तितके येणार नाहीत, म्हणून मशीनमध्ये नळी फिरवते. चांगले खाली बसतील, तेच घेऊ."

मले काहीच समजेना. आम्ही ज्वारीचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो. तरंगते ते पोचट, ते फेकून देतो. अन् इथं मागच्या खेपेले तरंगलेलेच घेतले? म्हूनच वाया गेलं का काय?

"ताई, मंग चांगले वर असतात का खाली?"

ती हसली. "बी स्वतःहून पोहत नाही ना, दादा. हे पोहतात. पोहू दिलं तर चांगले वर येतात. फिरवलं तर खालच्या दाट थरातून पार होतात ते चांगले." मंग तिनं कागद पाहिला. "किती दिवसांचा नमुना आहे?"

खोटं बोलणार होतो, पण जीभ वळली नाही. "बावीस."

"अहो, इतके दिवस ठेवले का जुने मरतात. साठवून फायदा नसतो."

बायको माह्याकडं पाहूनच राह्यली. मले वाटलं, आता रागावते.

काम पाच मिनटात झालं. तिले पाऊण घंटा पडून राहा म्हटलं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो.

"म्हून शेतात झोपत होते?" तिनं विचारलं.

"हो."

"मले वाटलं, दुसरी पाहून राह्यले. भावाले फोन केलता, उद्या न्याले ये म्हून."

"मंग आज कायले आली?"

"तारीख होती ना आपली," ती छताकडं पाहत म्हणाली.

तिच्यासाठीच दूर झोपलो, हे सांगाचं होतं मले. पण ज्या माणसानं आपल्याले सोडलं असं वाटते, त्याचंच लेकरू पोटात घ्याले ही सकाळी माह्या आधी तयार होऊन बसली होती.