शेंदराची खूण

"गाडी संपली," असं दादानं जाहीर केलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हातातलं लाटणं मी फेकलं नाही, एवढंच.

"रविवारी वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी येतोय. तो घेऊन जाईल," दादा म्हणाला. जणू गाडी म्हणजे गोठ्यातली भाकड गाय.

गाडी माझी होती. सासर सोडून मी औरंगाबादला परत आले, तेव्हा गल्लीतल्या बायका हळहळायला येऊन बसल्या. बाबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी मला गाडी शिकवायला बाहेर काढलं. फुलंब्रीच्या शाळेत नोकरी लागली त्या सकाळी त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून ही तुझी." कागदावरचं नाव बदलायचं राहून गेलं, आणि त्या हिवाळ्यात बाबाच गेले. फुलंब्रीला एसटी जायची, मी एसटीनं गेलेही असते. प्रश्न एसटीचा नव्हताच. त्या घरात माझं म्हणावं असं त्या किल्लीखेरीज काही नव्हतं, आणि तीच दादा परक्याच्या हाती द्यायला निघाला होता.

बरं, गाडी बिघडवली कुणी? त्यानंच. बाबांच्या दिवसांना आला तो महिनाभर राहिला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं एका दुपारी गाडीचं पुस्तक उघडून त्यानं इंजिनाचं टायमिंग 'दुरुस्त' केलं. प्लगची ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. आधी पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर तापतं आणि ओढ सोडतं. दादाच्या दुरुस्तीनंतर फुलंब्रीच्या वाटेवर, चौक्याच्या घाटात माझ्या गाडीतून वाफा निघाल्या आणि एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. गाडीवान हसला. तो हसला त्याचं मला काही वाटलं नाही. शेजारी बसलेला दादा "बघ, इंजिन संपलंय, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाला त्याचं वाटलं.

बाबांचे जुने गाडीचे मिस्त्री क्रांती चौकामागं राहायचे; मी त्यांना चाचा म्हणायचे. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली होती, हातही थरथरायचे. "आंधळ्याला आणून काय दाखवणार?" दादानं विचारलं. शनिवारी दुपारी शाळेतून आले आणि रिक्षा करून चाचांना घेऊन आले.

"चाचा, दादा म्हणतो इंजिन संपलं."

चाचांनी बोनेटवर हात ठेवला. "तेरे अब्बा का हाथ फिरा है इसपे. इत्ती जल्दी कायकू संपेगा? आँखें तेरी, हाथ तेरे. मैं बोलता जाता, तू करते जा."

मी पदर खोचला. कुंपणापलीकडं दोन-तीन डोकी वर आली होती, त्यांना नीट दिसावं म्हणून मी थोडी बाजूलाच सरकले. पहिला प्लग काढला. चाचांनी त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मी पुढून हँडल हळूहळू फिरवलं. आतल्या हवेनं अंगठा उचलला तसं ते म्हणाले, "हौ, आई हवा. अब धीरे. नीचे पुली पे निशान है, वो काँटे के सामने ला."

पुलीवर, म्हणजे खालच्या पट्ट्याच्या चाकावर, लाल खूण होती. मी ती बरोबर काट्यासमोर आणली. दादा ओट्यावरून म्हणाला, "मी तेच केलं होतं. पुस्तकात तसंच लिहिलंय."

खूण खरी असेल तर आतला पिस्टन अगदी वर असायला हवा; ते बघायला चाचांनी सायकलीची तार भोकातून आत सोडली आणि चिमटीत धरून मला हँडल केसभर पुढं-मागं हलवायला लावलं. मग त्यांनी मान हलवली. "पिस्टन तो उतरने लगा, बेटी. ये निशान झूटा है."

रॉकेलची चिंधी घेऊन मी पुली पुसली. लाल खुणेपासून बोटाच्या रुंदीइतक्या अंतरावर, जुन्या ग्रीसखाली, खरी खाच निघाली. मग ही लाल खूण कुठली? दादा खाली उतरून बघायला लागला. तेवढ्यात चाचांसाठी चहा घेऊन आलेली आई वाकली.

"ती खूण व्हय? ती मीच केली की. दसऱ्याला तुझ्या बाबांना उठवत नव्हतं, मग पूजा मीच केली. कुंकू लई टिकत नाय म्हणून तेलात शेंदूर कालवला. ते म्हणायचे ना, सगळा जोर त्या चाकातून येतो म्हणून? म्हणून तिथंबी बोट लावलं."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईला काय चुकलं तेच कळेना. मला हसू आलं आणि रडूही आलं. आजारी नवऱ्याच्या गाडीला बळ यावं म्हणून बाईनं बोट टेकवलं, आणि माझ्या शिकलेल्या भावानं त्या बोटावर इंजिन जुळवलं!

मग चाचा सांगत गेले तसं खाच काट्यासमोर आणली, प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि त्यातल्या दोन पॉइंटांच्या मधे सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला. डिस्ट्रिब्युटर एका हातानं कणाकणानं फिरवायचा आणि दुसऱ्या हातानं कागद अलगद ओढत राहायचा. कागद अडकला होता, अडकलाच होता, आणि मग सुटला. पॉइंट उघडले की ठिणगी पडते, तो क्षण हाच.

"सरका?"

"सरकला."

"बस. वहींच कस दे." मी बोल्ट तिथंच आवळला.

रविवारी सकाळी मी दादाला शेजारी बसवलं आणि गाडी घाटाला घातली. अर्ध्या चढावर तो म्हणाला, "खालचा गिअर टाक." मी टाकला नाही. गाडी त्याच गिअरमध्ये माथ्यावर गेली, वाफ नाही, खडखड नाही. दादा खिडकीबाहेर बघत बसला.

परतलो तर व्यापारी ओसरीवर चहा पीत होता. दादाला बघून उठला. "मालक, मंग काय ठरलं?"

दादानं माझ्याकडं बोट केलं. "मालकीण ही आहे. तिला विचारा."

"विकायची नाही," मी म्हटलं आणि किल्ली कमरेला खोचली.

दादा तसं म्हणाला याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण रागही आला, आणि तो अजून गेलेला नाही. बाबांनी किल्ली देताना मला कुठला घाट चढून दाखवायला सांगितलं नव्हतं.