टोपीवरचे काळे ठिपके

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीच. त्यामुळं लिहायला बसलो तरी बोलल्यासारखंच उतरतं. ज्याला चालत नसेल त्यानं वाचू नये.

माझं घर भीमेच्या काठाला, वडगाव रासाईला. शेतातच दोन खोल्या आणि पुढं ओटा. आमची मालकीण, म्हणजे बायको, वारल्यावरही मी तिथं सुखानं राहत होतो. धाकटा भाऊ आणि त्याची बायको हाकेच्या अंतरावर, त्यामुळं भाकरीची चिंता नव्हती. मागच्या थंडीत छाती भरली आणि मुलानं मला उचलून शिरूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं थकलीत, आता धूर आणि धूळ बंद. मुलानं ते फारच मनावर घेतलं. तिथून मला परस्पर आपल्या शिरूरच्या बंगल्यावर नेलं. "चार दिवस राहा आबा," म्हणाला. त्या चार दिवसांत थंडी सरली, उन्हाळा आला आणि गेला.

मुलगा कारखान्यांत थंड हवेचे डक्ट बसवायचे ठेके घेतो. मग स्वतःच्या घरात का नको, म्हणून इथंही बसवलाय. छताच्या पीओपीवरून पत्र्याचा चौकोनी बोगदा फिरतो, प्रत्येक खोलीत त्याचं एक तोंड उघडतं आणि त्या तोंडाला जाळी. हवा त्यातूनच यायची. खिडक्या रस्त्याच्या धुळीमुळं कायम बंद. शिवाय माझ्या खोलीत हवा शुद्ध करायचं एक मशीन आणून ठेवलं, दुधाच्या कॅनएवढं. हवा चांगली असली की त्याचा दिवा हिरवा, जरा बिघडली की पिवळा, फारच बिघडली की तांबडा.

ते मशीन पक्कं चुगलखोर. मी खिडकी बोटभर सरकवली की ते घुमायला लागायचं, आणि स्वयंपाकघरातून सून विचारायची, "आबा, खिडकी उघडली का?" अंगावरची घोंगडी झटकली की दिवा पिवळा. "आबा, घोंगडी परत वर आणली ना? मी ती खाली गाडीपाशी ठेवली होती."

एकदा तिनं मिरचीचा ठेचा परतायला घेतला तर दिवा सरळ तांबडा झाला. मी खोलीतूनच ओरडलो, "पोरी, खिडकी उघडलीस काय गं?" ती हसली, पण खिडकी काही उघडली नाही.

माणूस वाईट वागवत असेल तर भांडता येतं. इथं सगळी माझ्या जिवासाठीच झटत होती. भांडायचं कुणाशी? सकाळ झाली का दुपार, हे उन्हावरून कळायचं बंद झालं. जेवण, गोळी, मशीनचा दिवा. मुलाला म्हटलं, "मला गावाला सोड." तो म्हणायचा, "इथं हवा हिरवी आहे आबा. तिथं कोण बघणार?"

पावसाळ्यात खोलीत एक वास यायला लागला. कांदा साठवायची चाळ खालून ओली झाली आणि मधला थर सडून बसला, की फळी काढताना जो वास येतो, तोच. मला सकाळी शिंका लागायच्या, खोकला वाढला. मुलाला सांगितलं, डक्टात काहीतरी कुजलंय.

"आबा, मी दुसऱ्यांचे डक्ट बघून पोट भरतो," तो म्हणाला. "माझ्या घरात तसं होईल का? आणि मशीन बघा, हिरवंच आहे."

"तुझं मशीन हिरवं हाय आन् मी शिंकतोय. दोघांतलं एक खोटं हाय."

"तुम्ही मुळातच घराबाहेर पडायला कारण शोधताय."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी वाद सोडला. धुतलेली पांढरी टोपी घेतली आणि जाळीच्या बरोबर खाली कपाटावर पसरून ठेवली. दोन दिवसांनी टोपीवर काळे ठिपके, तीळ सांडल्यासारखे. ती तशीच उचलून नाश्त्याच्या टेबलावर, मुलाच्या बशीशेजारी ठेवली.

त्यानं त्याच दिवशी पीओपीचा तुकडा कापून वरचा पत्रा उघडला. एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबून ते मागं फिरलं होतं. डक्टाच्या आतलं अस्तर ओलं होऊन काळं पडलं होतं, बुरशी पार माझ्या खोलीच्या तोंडापर्यंत आली होती. तो स्टुलावर उभा होता, हातात टॉर्च, आणि कितीतरी वेळ खाली उतरला नाही. मला त्याची दयाही आली. पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त झाला. म्हटलं, सुटलो.

अस्तर फाडून टाकलं, पत्रा पुसून वाळवला, नळी बदलली, नवं अस्तर आलं. मी तोवर पिशवी भरून ठेवली. काम संपल्यावर म्हणालो, "आता सोड मला."

"आता कशाला? आता तर सगळं साफ झालं."

पिशवी हातातच राहिली. कुजलं होतं तेव्हा ते कुजलं नाही म्हणून राहायचं, आणि साफ झालं तर साफ झालं म्हणून राहायचं. मग माझं डोकं फिरलं. सुनेसमोर म्हणालो, "तुमचा इश्वास त्या मशीनवर हाय ना? ते घ्या, माझ्या घरात लावा. हिरवं दिसलं तर मी तिथंच राहणार. तांबडं दिसलं तर पुन्हा गावाचं नाव काढणार न्हाई."

मुलगा बघतच राहिला. "बघा हं आबा."

"बोललो ते बोललो."

भावाला फोन करून बजावलं, चूल पेटवू नको, झाडू मारू नको, ओल्या फडक्यानं पूस, गुरं लांब बांध. तो म्हणाला, "दादा, हवा तपासणार का मुलगी बघायला येणार?"

सुगीचे दिवस होते. न्हावरा, मांडवगण मागं टाकत निघालो. मशीन माझ्या मांडीवर. घरात शिरलो तर खोली आरशासारखी पुसलेली. भावजयीनं पिन लावली. दिवा पिवळा झाला. मी म्हटलं, प्रवासाची धूळ असेल. मग मशीन घुमायला लागलं आणि दिवा तांबडा झाला. तसाच राहिला.

मुलगा ओट्यावर गेला. मीही गेलो. नदीच्या पलीकडं, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी काळा धूर सोडत होती, आणि तो पाण्यावरून आमच्याकडंच सरकत होता.

"पूर्वी उसाची चिपाडं जाळायची," भाऊ म्हणाला. "आता प्लास्टिक म्हणू नका, टायर म्हणू नका, काय घावंल ते घालत्यात. आम्हाला तर त्याचा वासबी कळंना झालाय आता."

मीही वर्षानुवर्षं त्याच ओट्यावर बसून तीच हवा घेतली होती. मलाही कळलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, "वारं फिरलं की बरं असतंय, दादा."

मुलगा माझ्याकडं बघत होता. आवाज खाली आणून म्हणाला, "आबा, थांबू संध्याकाळपर्यंत. वारा फिरेल. मग परत लावून बघू."

तो मला वाट करून देत होता. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण शब्द मीच दिला होता, सुनेसमोर, छाती ठोकून. वाऱ्यानं आपल्या बाजूनं फिरावं म्हणून ओट्यावर बसून वाट बघायची, हे मला जमलं नाही.

"मशीन गाडीत ठेव," म्हणालो. भावजयीनं चहा टाकायला गॅस पेटवला होता, तो चहाही घेतला नाही.

तेव्हापासून शिरूरलाच आहे. गावाचं नाव काढलेलं नाही. दिवा हिरवा असतो, खोकलाही कमी आहे. रोज रात्री टोपी धुवून जाळीखाली पसरतो आणि सकाळी उठल्यावर चष्मा लावून आधी ती बघतो. सून म्हणते, "आबा, आता काही पडत नाही हो." तिचं बरोबर आहे. टोपी पांढरीशुभ्र असते. तीच घालून मी नाश्त्याला बसतो.