फणसाच्या पोटातला खिळा

वादळात आडवा झालेला आमचा फणस कापायला तो फोंडाघाटाहून आला, टेम्पोमागे फिरती करवत जोडून. नाव विचारायचं राहूनच गेलं. पट्ट्यासारखं लांब पातं पायाखाली धरून त्यानं मनगटाला असा झटका दिला, की त्याची तीन सारखी वेटोळी झाली. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. मग ते नवं, लखलखीत पातं बाजूला ठेवून त्यानं जुनंच चढवलं.

"नवीन कित्याक नाय?" मी विचारलं.

"घराकडचो फणस. पोटात खिळो आसतलोच."

"आमच्या फणसात खिळो नाय," आईनं ठणकावलं.

करवत सुरू झाली. पिवळाधमक भुसा उडाला, चिकाचा वास सुटला, आणि खडाककन पात्याचे दात गेले. त्यानं खोडातून गंजका खिळा उपसून आईपुढे धरला.

आई ओशाळली. "फणस धरी नाय म्हणान मीच तो मारललो."

"मगे धरल्यान?"

"दर वर्सा. बुंध्यापासून."

त्यानं खिळा पुसून खिशात टाकला आणि नवं पातं चढवता चढवता म्हणाला, "माझ्या परड्यातलो अजून धरणा नाय."

फोंडाघाटातून जाताना मी अजून परसांत डोकावतो. बुंध्यापासून लगडलेला फणस दिसला की वाटतं, हाच.